पित्त उठलं मांजरवाल्यामुळे

"बसायला द्या, की फाडतात. फाडली, की निस्तरायला मी. आणि दुकान उघडं टाकून माणसं गायब... खुर्ची इथेच ठेवतो आणि पळतो. शिवतील भुतं."

आवाज अगदी कानाशी होता, पण बारकीला उत्तर देता येईना. एक तर ती पालथ्या घातलेल्या सोफ्याच्या पोटात कमरेपर्यंत शिरली होती. दुसरं म्हणजे, तिच्या तोंडात खिळे होते.

सोफा-खुर्च्यांचं काम करणाऱ्या तिच्या घरात ही जुनी रीत. बारीक खिळ्यांची चिमूट ओठांत धरायची, जिभेनं एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या तोंडाला लोहचुंबक असतं त्याला तो टिपायचा, की ठक्. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. आजोबांनी बाबांना शिकवलं, बाबांनी बारकीला. आता स्टेपल मारायची गन मिळते, नाही असं नाही. पण बाबांच्या मते जुन्या लाकडाला गन लावणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चापट मारणं.

तर बारकीनं सोफ्यातून नुसता हात बाहेर काढला. हातात हातोडी.

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. ती बाहेर आली तेव्हा एक उंच तरुण भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि त्यानं आणलेली खुर्ची आडवी. बारकीनं 'थांबा' अशी खूण केली, सोफ्याच्या बुडाचा अर्धवट राहिलेला पट्टा तेवढा ठोकून टाकला आणि उरलेले खिळे तळहातावर घेतले.

"तुम्ही... खिळे खाता?" त्यानं विचारलं.

"भुतं खातात. खुर्ची कुणी फाडली?"

"पेशंटनं."

"पेशंट असे फाडतात?"

"बोका आहे. सुईला घाबरतो. मी प्राण्यांचा डॉक्टर, पलीकडच्या गल्लीत असतो," तो म्हणाला, आणि मग जरा अडखळून, "शिवता येईल ना? की... फार झालंय?"

बारकीनं खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या स्वेटरवर करडे, पांढरे, तांबूस असे इतके केस होते की तो स्वेटर मुळात कुठल्या रंगाचा, हे सांगणं कठीण. "खुर्चीचं होईल," ती म्हणाली. "तुमचं सांगता येत नाही."

आतल्या शिलाई मशीनवर बसलेल्या आत्यानं चष्म्यावरून हे सगळं पाहिलं आणि त्याच दिवशी त्याचं नाव ठेवून टाकलं : मांजरवाला.

खुर्ची झाली. मग दुसरी खुर्ची आली. मग एक स्टूल आलं, ज्याला कुठल्याच बोक्यानं हात लावलेला नव्हता. त्याच्यावर ब्लेडनं मारलेली रेघ बाबांनी लगेच ओळखली, पण बोलले नाहीत. पुढे पुढे तो काहीच न आणता येऊ लागला. दवाखाना बंद करून संध्याकाळी यायचा, रचलेल्या गाद्यांवर बसायचा, दिवसभरात कोण चावलं ते सांगायचा. बारकी हसायची, आणि हसताना तोंडात खिळे नाहीत ना हे बघायची.

त्याच सुमाराला बारकीच्या अंगावर पित्त उठू लागलं.

आधी तळहातांवर. मग एप्रनची नाडी जिथे आवळते तिथे कमरेला, मग गुडघ्यांवर. लालबुंद, जाड गांधी. खाज कमी आणि जळजळ जास्त. उठायच्या त्या नेमक्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीपर्यंत छळायच्या, मग काही झालंच नाही अशा विरून जायच्या. एकदा तिला तळहात एप्रनवर घासताना मांजरवाल्यानं पाहिलं.

"खाजवू नका. कुत्र्याला असं झालं की मी सरळ गळ्यात कॉलर घालतो. तोंडच पोचत नाही अंगापर्यंत."

"माझ्या गळ्यात काही घालायचं तर बाबांना विचारावं लागेल," ती म्हणाली.

म्हटलं आणि मग स्वतःच लाल झाली. तो लाल झाला. आत्याचं मशीन मध्येच थांबलं. त्या लालीतली पित्ताची किती आणि कशाची किती, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

पुढे मात्र प्रकरण चेष्टेचं राहिलं नाही. आत्यानं तपास हाती घेतला. अंडी बंद केली, मासे बंद केले, दाणे बंद, टोमॅटो बंद, अंगाचा साबण बदलला, चादरी उकळून काढल्या. बारकी वाळून काटकी झाली आणि गांधी होत्या तशाच. शेवटी घरात बदलायचं असं काही उरलंच नाही, तेव्हा आत्याची नजर दारातून येणाऱ्या स्वेटरवर स्थिरावली. संध्याकाळी हा येतो, संध्याकाळीच पोरीचं अंग उठतं. आणखी काय पुरावा हवा? ती त्याला तोंडावर काही बोलली नाही. फक्त तो उठून गेला की गाद्यांवर ब्रश मारायची, त्याला ऐकू जाईल असा.

मधे छताचं काम निघालं म्हणून दुकानामागचा कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला होता. हातोडी नाही, पट्टे ताणणं नाही. मांजरवाला मात्र रोज घरी येत होता, केसांसकट. त्या दिवसांत बारकीच्या अंगावर एक गांध उठली नाही. आत्या म्हणाली, हवा बदलली. बारकीनं ते मान्य केलं, कारण तिला ते मान्य करायचं होतं. बाबांनी आपला उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या अंगठ्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. तो वाकत नव्हता. हातोडी धरली की निसटायची, पट्टा ताणायला गेले की बाबांच्या कपाळावर घाम यायचा. गेली कित्येक वर्षं दुकानाच्या पाटीवर नाव बाबांचं होतं आणि हात बारकीचे. आणि आता नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्यानं करून द्यायचं काम आलं होतं, बाबांनी आयुष्यभर वाट पाहिली होती तसलं. कारखान्यात मखमली खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा लागल्या. बारकी सकाळी खिळे तोंडात घ्यायची ती जेवायलाच काढायची.

एका दुपारी बाबा आणि आत्या नाट्यगृहात मापं घ्यायला गेले. बाहेर भुरभुर पाऊस. मांजरवाला दवाखाना लवकर बंद करून आला. त्याला खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढता येईना, म्हणून तो एका खुर्चीत बसला. शेजारच्या खुर्चीवर बारकी गुडघे टेकून पाठीचं कापड ताणत होती. समोर पडदा नाही, रंगमंच नाही, नुसती कारखान्याची भिंत, आणि तिच्यासमोर ही दोघं.

"नाटक कधी सुरू होणार?" त्यानं विचारलं.

बारकीनं शेवटचा खिळा ठोकला. "तुम्ही सुरू केल्याशिवाय कसं होईल?"

आणि मग जे झालं ते झालं. फार लांबलं नाही. पावसाचा आवाज मात्र मधेच कुठेतरी बंद झाल्यासारखा वाटला, आणि नंतर पुन्हा सुरू झाला.

दुर्दैव असं, की आत्या टेप विसरली होती. ती न्यायला परत आली, दारातूनच मागे फिरली आणि टेपशिवायच नाट्यगृहात पोचली. टेप कुठे, असं बाबांनी विचारलं तेव्हा तिनं इतकं लांबलचक उत्तर दिलं, की बाबांना न सांगता सगळं कळलं.

रात्री जेवणाच्या वेळेला बारकीचा खालचा ओठ सुजायला लागला.

आधी बधिर, मग जड, मग आरशात पाहवेना असा. मांजरवाला तिथेच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं तिला जीभ दाखवायला लावली, श्वास मोकळा आहे ना, गरगरत नाही ना, आवाज बसलाय का, असं सगळं विचारलं, आणि उत्तरांची वाट न बघता गाडीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात नेलं; बाबा आणि आत्याही मागे बसले. तिथे इंजेक्शन दिलं, बराच वेळ बसवून ठेवलं आणि ओठ उतरणीला लागल्यावर सोडलं. दुपारपासून नवं काय काय झालं, असं तिथल्या डॉक्टरनं विचारलं होतं. चौघंही एकसुरात म्हणाली, काही नाही.

त्यानंतर मांजरवाला आला तो थेट आठवड्यानं, आणि दारातच उभा राहिला. घरात असं काही नाव न घेता बोलायची जी कसरत सुरू झाली होती, तीत तोही तरबेज झाला होता. "त्या दिवशी जे... म्हणजे, त्या दिवसानंतर मी विचार केला," तो म्हणाला. त्याच्या अंगावर, दाढीत, कपड्यांत कायम कुणाचे तरी केस असतात, कसल्या ना कसल्या औषधाची भुकटी असते. एखाद्याला न चालणारा पदार्थ दुसऱ्यानं खाल्ला असेल, तर नुसत्या... जवळिकीनंही त्रास होतो, हे त्यानं वाचलेलं होतं. आज ओठ होता; उद्या घसा असला तर? दूर एका मोठ्या गोठ्यावर त्याला बोलावलं होतं, राहायची सोय होती. त्यांना तो होकार कळवणार होता.

बारकीनं हातातली हातोडी खाली ठेवली. "कळवा," ती म्हणाली. "पण आधी मला कातडीच्या डॉक्टरकडे न्या. मला कशामुळे होतंय ते मला कळायला नको? तुम्ही ठरवून टाकणार आणि मी नुसती सुजणार?"

असं ते ठरलं. डॉक्टरबाईंची वेळ मिळाली; येण्याआधी काही दिवस खाजेच्या गोळ्या बंद ठेवा, नाहीतर तपासणीत काही कळायचं नाही, असा निरोप होता. ते दिवस बारकीनं ओल्या गार फडक्यावर काढले. आणि गोठ्याच्या लोकांनी मांजरवाल्याला बजावलं होतं की तपासणीच्याच दिवशी, रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत, होय की नाही ते कळवायचं. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

त्या सकाळी तो तिला न्यायला आला तेव्हा ओळखू येईना. स्वेटर नव्हता. कोरा करकरीत शर्ट, त्यावर घडीच्या रेघा, आणि अंगाला इतक्या साबणाचा वास, की आत्यालासुद्धा क्षणभर त्याची दया आली.

डॉक्टरबाई जाडजूड आणि घाईत नसलेल्या होत्या. हातात पेन्सिल, तिचं टोक चावलेलं. त्यांनी बारकीला सगळं विचारलं आणि मधे मधे समजावूनही सांगितलं. पित्त म्हणतात खरं, पण पोटातल्या पित्ताचा याच्याशी संबंध नाही. कातडीत काही पेशी असतात, त्या बिथरल्या की आतून एक द्रव्य सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि कातडी फुगते. कुणाच्या पेशी खाण्यानं बिथरतात, कुणाच्या गारठ्यानं, कुणाच्या घामानं. निम्म्या लोकांना कारण सापडतच नाही, आणि ती आपली घरातल्या कुणाला तरी धरून बसतात.

मांजरवाल्यानं खाली पाहिलं.

"हाताला, कमरेला, गुडघ्याला," बाई म्हणाल्या. "गुडघे टेकून काम करतेस? हातोडी? नाडी घट्ट?" बारकी मान हलवत गेली. "एका जातीचं पित्त दाबानं उठतं. गंमत अशी की ते लगेच उठत नाही. सकाळी दाबलं तर संध्याकाळी बोंबलतं. तोवर माणूस ते दाबणं विसरलेलं असतं, आणि संध्याकाळी जो समोर येतो त्याच्यावर आळ. ओठ सुजला त्या दिवशी तोंडात काही धरलं होतंस?"

"नाही," बारकी म्हणाली. मग थांबली. घरात श्वास घेण्याबद्दल कुणी बोलत नाही, तसं याबद्दलही बोलत नसत. "खिळे धरते. रोजच."

"रोज काय धरतेस?"

तिनं करून दाखवलं, पेन्सिलीनं. डॉक्टरबाई बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"आणि त्या दिवशी ओठांवर आणखी कशाचा... दाब?"

मांजरवाला भिंतीवरचं तिळांचं आणि चामखिळींचं चित्र फार मन लावून वाचू लागला. बारकी म्हणाली, काही नाही. बाईंनी पेन्सिल दुसऱ्या बाजूनं चावायला घेतली आणि पुढे विचारलं नाही.

मांजराच्या केसांची चाचणी इथे होत नव्हती, तिला पुढच्या महिन्याची तारीख. दाबाची मात्र लगेच होणार होती, आणि ती इतकी साधी होती की बारकीला हसू आलं. तिच्या उघड्या खांद्यावरून एक अरुंद पट्टा टाकून त्याला वाळूची जड पिशवी लटकवली. पाव तास तशीच बसवली. पट्टा काढल्यावर पाठीकडच्या बाजूला, जिथे तो रुतला होता, तिथे पेनानं दोन खुणा केल्या. संध्याकाळी या, बाई म्हणाल्या. खुणांच्या मधे फुगलं, तर दाब. तोवर खाजवायचं नाही, त्यावर झोळी अडकवायची नाही. आणि जीभ जड झाली, श्वासाला त्रास झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर संध्याकाळची वाट बघायची नाही, सरळ मोठा दवाखाना.

घरी जाऊन बसवेना, म्हणून दोघं बागेत गेली. भुरभुर होती, झाडाखालचा बाक अर्धा कोरडा होता. त्यानं तिला कोरड्या अर्ध्यावर बसवलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला, ओल्यात.

"तिथे का?"

"चाचणी चालू आहे. मधे मी नको. नंतर पुन्हा शंका राहील."

वेळ जाता जाईना. समोर एक बाई कुत्रा घेऊन गेली, कुत्रा याला ओळखून धावत आला आणि यानं दोन्ही हात वर करून त्याला लांबूनच नमस्कार केला. बारकीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. दर थोड्या वेळानं तो उठायचा, तिच्या मागे येऊन शाल जराशी सरकवायचा, बोट न लावता, आणि काही न बोलता परत जाऊन बसायचा. त्या काही न बोलण्याचाच तिला धसका बसला.

"किती वेळा बघाल?" ती शेवटी म्हणाली. "पाहुणे आहेत का ते, दारात जाऊन उभं राहिलं म्हणजे लवकर येतील?"

"जळजळ होतेय का?"

"सकाळपासून सगळीकडेच होतेय. खांद्याची कुठली आणि माझी कुठली, कळत नाही."

तो समोर बघतच म्हणाला, "फुगलं नाही, तर मी जातो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तेव्हा वाद नको. त्या दिवशी तुझी जीभ बघताना माझे हात... मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो गं, कधी थरथरत नाही. तेव्हा थरथरत होते." पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. "मला जायचं नाहीये. पण तुला काही होण्याचं कारण मी... ते मला जमायचं नाही."

बारकीनं शाल घट्ट ओढली, मग आठवण होऊन सैल सोडली. अंगावर पित्त उठावं म्हणून देवाला विनवणारी आपण पहिलीच बाई असू, असं तिला वाटलं. आणि पुरतं विनवताही येईना. कारण उठलं, तर मग बाबा. नाट्यगृहाच्या निम्म्या खुर्च्या अजून उघड्या पडल्या होत्या, त्यांची काथ्याची पोटं वर. उठलं तर तिला दुकानात जाऊन म्हणावं लागणार होतं की तुम्ही शिकवलेलं काम मला सोसत नाही. न वाकणारा अंगठा मुठीत धरून बसलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? उठलं तर ते घर हातचं जाणार, नाही उठलं तर बाकाच्या ओल्या टोकावरचा हा. पावसाचे थेंब पानांवरून निसटून त्याच्या कोऱ्या शर्टावर पडत होते आणि घडीच्या रेघा हळूहळू मोडत होत्या.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढून पाहिलं. दोन खुणा, आणि मधे सपाट कातडी.

"काहींना उशीर लागतो," त्या म्हणाल्या. "घरी कुणाला तरी पुन्हा बघायला सांगा, आणि काय ते उद्या कळवा." गोळ्या कशा घ्यायच्या, नाडी रुंद आणि सैल ठेवायची, कढत पाणी अंगावर नको, दुखण्याच्या काही गोळ्यांनी हे वाढतं म्हणून त्या विचारल्याशिवाय नकोत, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. मांजरवाल्याच्या कानात एवढंच शिरलं होतं : सपाट.

गाडीत तो पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता.

घरी बाबा आणि आत्या वाट बघत होते. आत्यानं जेवण मांडलं होतं आणि त्याच्यासाठीही ताट ठेवलं होतं, हे विशेष. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. तिच्याकडे पाहून त्यानंच सांगितलं, की काही उठलं नाही. आत्यानं हुं म्हटलं. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. आजवर जे हवं होतं ते हातात आल्यावर ते ठेवायचं कुठे, असा तिचा चेहरा झाला.

"उशीर लागतो म्हणाल्या," बारकी म्हणाली. "बघायला सांगितलंय."

बाबा उठले. तिला दिव्याखाली स्टुलावर बसवून ते मागे उभे राहिले आणि त्यांनी शाल सरकवली. समोर भांड्यांचं कपाट होतं, त्याच्या काचेत बारकीला खोली दिसत होती : दिवा, आत्या, दाराशी वाकून बूट घालणारा तो, आणि आपल्या डोक्यावर बाबांचा चेहरा.

"मी बाहेर जाऊन फोन करतो," तो दारातून म्हणाला. "त्यांची वेळ होत आली."

काचेत बारकीनं त्यांचा चेहरा पाहिला, आणि तिला कळलं.

खांद्यावर काय होतं ते तिला दिसत नव्हतं. पण ती त्या चेहऱ्याशेजारी बसून वाढली होती. लाकडाला आतून कीड लागलेली सापडली की तो कसा होतो, हे तिला ठाऊक होतं. खांदा जळत होता. आता ती जळजळ पाठभर पसरलेली नव्हती, एका पट्ट्यात उतरली होती, दोन खुणांच्या मधे. आत्या जवळ आली, तिनं पाहिलं, आणि ती बारकीकडे न बघता भावाकडे बघत राहिली.

कुणीही बोलेना. दाराशी एक बूट झाला. दुसऱ्याची नाडी गुंतली होती, तो ती सोडवत होता.

बारकीला बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण तो तिच्या तोंडून निघाला असता तर तिनं दुकान बंद केल्यासारखं झालं असतं. तिला त्या क्षणी बाबांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त माया आली, आणि काचेत दाराची कडी वर जाताना दिसली. तिनं डोळे मिटले.

"आत ये," बाबा म्हणाले.

कडी थांबली. बाबांनी आजवर त्याला 'अहो डॉक्टर'शिवाय हाक मारली नव्हती.

"बूट राहू दे पायात. ये आणि बघ हे. बोटभर जाड पट्टा उठलाय, चांगला लाल. तुझ्या मांजरांना असा सरळ पट्टा उठवता येत नाही."

"दादा," आत्या हळूच म्हणाली, "जेवणं होऊ देत आधी."

"बोलू दे गं. जेवणावर ढकलत ढकलतच इथवर आलो." बाबांचा न वाकणारा अंगठा बारकीच्या दुसऱ्या खांद्यावर टेकलेला होता, अगदी हलका, दाब पडणार नाही असा. "छताचं काम चाललं होतं तेव्हा हा रोज आला, आणि हिच्या अंगावर काही उठलं नाही. मला दिसत होतं. तुलाही दिसत होतं. माझा हात गेलाय आणि हिच्या हातावर दुकान चाललंय, म्हणून आपण दोघांनी मिळून मांजरवाल्याला धरलं. खुर्च्यांचं मी नाट्यगृहाला उद्या सांगतो, उशीर होईल म्हणून. नाहीतर गन आणू, माणूस ठेवू, बघू काय ते. आणि तू..." ते दाराकडे वळले. तो एका हातात फोन घेऊन, उलगडलेली नाडी ओढत आत आला होता. "तू तो फोन खिशात घाल. मुका घेतल्यानं नाही सुजला तिचा ओठ, पोरा. मी शिकवलेल्या खिळ्यांनी सुजला."